सव्वीस संगणक आणि मार्चअखेर

पत्राचा सारांश : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी एक ताई नागरी सहकारी पतसंस्थेत प्रशासनाचं काम पाहतात. मुख्य कार्यालय आणि दोन शाखा मिळून २६ डेस्कटॉप आहेत. ९ संगणक २०१४-१५ मधले, ११ संगणक २०१८ मधले आणि ६ संगणक २०२२ मधले. काही बिघडलं की गावातल्या एका तंत्रज्ञाला फोन करायचा, तो सवडीनं येतो, दर खेपेला वेगळं बिल लावतो. गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशीच कॅश काउंटरचा संगणक दोन तास बंद राहिला. सभासदांची रांग पायऱ्यांपर्यंत गेली आणि बोलणी खावी लागली ती ताईंना. त्यातच तंत्रज्ञानं सांगितलं, ‘विंडोज १० बंद झालं, जुने सगळे भंगारात काढा.’ अध्यक्षांचं म्हणणं, मार्चअखेरच्या आत सगळेच्या सगळे बदलून टाकू. एका संचालकांच्या भाच्याचं दुकान आहे, तो वापरलेले, दुरुस्त केलेले संगणक निम्म्या किमतीत द्यायला तयार आहे. ताई विचारतात : ‘एकदाच खर्च करून मोकळं व्हावं की थोडे थोडे बदलावेत? वापरलेले घेतले तर फसगत होईल का? आणि मला संगणकातलं फारसं कळत नाही, मग संचालक मंडळापुढे मी काय बोलू?’

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतील. संगणकाच्या पेटीत काय असतं हे तुम्हाला कळत नसेल, पण कुठला संगणक किती वेळा बंद पडला, तेव्हा कोणतं काम अडलं आणि त्यापायी किती रुपये गेले, हे संस्थेत तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. खरेदीचा निर्णय याच माहितीवर व्हायला हवा. आज ती तुमच्या डोक्यात आणि बिलांच्या फाइलमध्ये विखुरलेली आहे. ती एका तक्त्यात आली, की मंडळापुढे तुम्हाला भीत भीत बोलावं लागणार नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. कॅश काउंटर दोन तास बंद राहिला तो संगणक जुना होता म्हणून, असं तुम्हीही मानता आणि अध्यक्षही. पण नवा संगणकही बिघडतो. वॉरंटीतल्या संगणकासाठी कंपनीचा माणूस तालुक्याच्या गावी सहसा दुसऱ्या दिवशी येतो, कधी तिसऱ्या. म्हणजे काउंटरवर कोरा करकरीत संगणक असता तरी त्या दिवशी रांग लागलीच असती. त्या दिवशी गरज होती ती कपाटात तयार ठेवलेल्या एका राखीव संगणकाची. त्यावर तुमचं सॉफ्टवेअर टाकलेलं, प्रिंटरचे ड्रायव्हर बसवलेले आणि महिन्यातून एकदा चालू करून अपडेट केलेलं असावं. असा संगणक असता तर १५ मिनिटांत काउंटर सुरू झाला असता. २६ संगणकांच्या संस्थेत मुख्य कार्यालयात एक आणि लांबच्या शाखेत एक, असे दोन राखीव पुरतात. यंदा काहीच खरेदी झाली नाही, तरी एवढं मात्र कराच.

आता तक्ता. तुमच्याकडे डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) असेलच, पण त्यात बहुधा ‘संगणक संच, नग ११’ अशी एकच ओळ असते. तिचा इथे उपयोग नाही. प्रत्येक पेटीला क्रमांक द्या, मुख्य कार्यालयासाठी ‘मु.का. ०७’, शाखेसाठी ‘शा.१-०३’ असा, आणि तो दर्शनी बाजूला चिकटवा. मग एक्सेलमध्ये क्रमांकागणिक एक ओळ : कंपनीचा अनुक्रमांक, खरेदीची तारीख, वॉरंटी कधी संपते, प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम (तात्पुरती मेमरी) किती, हार्डडिस्क आहे की एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क), विंडोजची आवृत्ती, कोणत्या टेबलावर आहे, त्याला काय काय जोडलंय. दुसऱ्या पानावर बिघाडांची नोंद : तारीख, लक्षण, काय केलं, किती रुपये, किती तास बंद. गेल्या दोन वर्षांची बिलं काढून बसलात तर हे पान एका शनिवारी दुपारी भरून होईल. २६ पैकी चार-पाच संगणकांवरच बहुतेक खर्च झालाय, असं चित्र अशा कार्यालयांत सर्रास दिसतं. तुमच्याकडेही तसंच असेल तर सगळे बदलण्याचा आग्रह तिथेच बराच सैल होईल.

तंत्रज्ञाचं म्हणणं अर्धं खरं आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ऑफिस २०१६ आणि २०१९ चा आधारही त्याच दिवशी संपला, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. संगणक त्यानंतरही चालतो, पण सुरक्षेतली नवी भोकं बुजवली जात नाहीत. सभासदांच्या ठेवी, आधार क्रमांक आणि सह्यांचे नमुने सांभाळणाऱ्या संस्थेनं असा संगणक इंटरनेटला जोडून ठेवणं बरोबर नाही. इथवर त्याचं बरोबर. ‘जुने सगळे भंगारात’ हा पुढचा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, कारण विंडोज ११ साठी खरेदीच्या वर्षापेक्षा प्रोसेसरची पिढी महत्त्वाची असते.

इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर विंडोज ११ साठी मान्य आहेत. नावातल्या चार आकडी क्रमांकाचा पहिला आकडा पाहा. आय-३ ८१०० चालतो, आय-३ ७१०० चालत नाही. २०१४-१५ चे तुमचे ९ संगणक चौथ्या पिढीच्या आसपासचे असणार, ते बाद. २०२२ च्या ६ संगणकांचा प्रश्नच नाही. खरा घोळ २०१८ च्या ११ मध्ये आहे. त्या वर्षी दुकानांत सातवी आणि आठवी अशा दोन्ही पिढ्या विकल्या जात होत्या, आणि एकाच बिलावरच्या पेट्याही सारख्याच असतील याची खात्री नाही. म्हणून प्रत्येकावर मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन चालवून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. तक्त्यात ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असा रकाना करून उत्तर लिहा.

एक सावधगिरी मात्र हवी. आठव्या पिढीचा संगणक असूनही ते साधन ‘टीपीएम २.० नाही’ म्हणून नकार देऊ शकतं. टीपीएम म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग. पुष्कळदा टीपीएम असतो, फक्त बायोसमध्ये (संगणक सुरू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या बोर्डवर तो ‘पीटीटी’ या नावानं सापडतो, एएमडीवर ‘एफटीपीएम’ या नावानं. तो सुरू केला की नकाराचा होकार होतो. दुसरं कारण म्हणजे विंडोज जुन्या ‘लेगसी’ पद्धतीनं बसवलेलं असतं. तंत्रज्ञ घाईनं बायोस ‘युईएफआय’ या नव्या पद्धतीवर नेतो, संगणक सुरूच होत नाही आणि मग ‘मदरबोर्ड गेला’ असं सांगितलं जातं. बोर्डाला काही झालेलं नसतं. डिस्कची मांडणी आधी एमबीआर या जुन्या पद्धतीवरून जीपीटी या नव्या पद्धतीवर न्यायची असते, बायोसमधलं सेटिंग त्यानंतर बदलायचं. विंडोजमध्येच त्यासाठी साधन आहे आणि त्यानं माहिती पुसली जात नाही. तरी बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू देऊ नका. आणि ‘चालणार नाही’ अशा संगणकावर आडवाटेनं विंडोज ११ बसवून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. अशा संगणकांना पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि मग एवढा खटाटोप कशासाठी?

२०१८ च्या संगणकांची दुसरी तक्रार तुम्ही लिहिली आहे, सकाळी सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं लागतात. कर्मचाऱ्यांना वाटतं संगणक म्हातारा झाला. दुपारी कामाच्या भरात टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ पाहा. डिस्क सतत ९०-१०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर १५-२० वर असेल तर अडसर हार्डडिस्कचा आहे. तिच्यातली तबकडी मिनिटाला बहुधा ७२०० फेऱ्या मारते, आणि प्रत्येक लहान फाइलसाठी तिच्यावरून वाचणाऱ्या टोकाला जागा बदलावी लागते. विंडोज सुरू होताना अशा हजारो लहान फाइली वाचल्या जातात. एसएसडीमध्ये काही फिरतच नाही, त्यामुळे तोच संगणक मिनिटभरात कामाला लागतो. २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी, ती पेटीत बसवायला एक कंस आणि नवी साटा केबल, एवढंच सामान लागतं. मेमरी सतत ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवा. ४ जीबी असेल तर ८ करा, ८ असतील आणि एकाच वेळी कोअर सॉफ्टवेअर (खात्यांचे व्यवहार नोंदणारं), एक्सेल, ब्राउझर उघडं राहत असेल तर १६. चौथ्या पिढीच्या संगणकांना मात्र डीडीआर-३ रॅम लागते आणि ती आजच्या नव्या संगणकात बसत नाही, म्हणून त्यांच्यावर एक रुपयाही घालू नका. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीच्या किमती झपाट्यानं चढल्या आहेत. त्यामुळे महिन्यापूर्वीचं दरपत्रक हाती धरून ठराव करू नका, ताजं मागवा.

एसएसडी बसवताना जुनी डिस्क जशीच्या तशी नकलून घेण्याचा मोह होतो. आधी ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’सारख्या मोफत साधनानं डिस्कची तब्येत पाहा. ‘रिअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरपुढे ‘रॉ व्हॅल्यूज’च्या रकान्यात शून्याशिवाय आकडा असेल तर ती डिस्क मरणपंथाला लागली आहे. नक्कल अर्ध्यात अडकेल किंवा खराब फाइली नव्या डिस्कवर येतील. अशा वेळी कामाच्या फाइली आधी बाहेर काढा आणि एसएसडीवर विंडोज ११ कोरं बसवा. तसंही जे संगणक विंडोज ११ ला चालणारे आहेत त्यांच्यावर एसएसडी आणि नवं विंडोज ही दोन्ही कामं एकाच खेपेत केली, तर मघाची एमबीआर-जीपीटीची भानगडच उरत नाही. एक लक्षात ठेवा, हार्डडिस्क बहुधा आधी कुरकुरते, मंद होते. एसएसडी पूर्वसूचना न देताही जाते. म्हणून एसएसडी आली की काउंटरच्या संगणकावर एकही कामाची फाइल राहता कामा नये, सगळं सर्व्हरवर किंवा सामायिक फोल्डरमध्ये, आणि त्याचा बॅकअप रोज दिवसअखेर. एक प्रत संस्थेच्या इमारतीबाहेर हवी.

पतसंस्थांच्या बाबतीत घोडं अडतं ते पासबुक प्रिंटरपाशी. नव्या डेस्कटॉपवर जुन्या प्रिंटरची रुंद केबल लावायचं समांतर पोर्ट नसतं, सीरियल पोर्टही क्वचित असतं. बाजारात यूएसबीवरून समांतर पोर्टची केबल मिळते, पण तिनं थेट एलपीटी-१ वर (समांतर पोर्टचं विंडोजमधलं नाव) छापणारं जुनं सॉफ्टवेअर चालत नाही, कारण ती केबल विंडोजला फक्त यूएसबी प्रिंटर म्हणून दिसते. प्रिंटर शेअर करून ‘नेट यूज’ आज्ञेनं एलपीटी-१ त्याच्याशी जोडता येतो, किंवा पेटीत पीसीआय एक्सप्रेसचं समांतर पोर्ट कार्ड बसवता येतं. मात्र छोट्या पेटीत कमी उंचीचं कार्ड लागतं, हे मागणीपत्रात लिहावं लागतं, नाहीतर कार्ड येतं आणि बसत नाही. याहून मोठा प्रश्न असा, की विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि त्यावर डॉसच्या काळातले १६ बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत. तुमचं कोअर सॉफ्टवेअर किंवा पगारपत्रकाचं, मुदत ठेवींच्या व्याजाचं एखादं जुनं मॉड्यूल तसं असेल, तर सव्वीसच्या सव्वीस नवे संगणक दारात उभे राहतील आणि काम जुन्यावरच होईल. सॉफ्टवेअरवाल्याकडून लेखी घ्या : तुमची आवृत्ती विंडोज ११, ६४ बिटवर चालते का. मग एकाच संगणकावर सात दिवस खरं काम करून पाहा. त्यात एक दिवसअखेर, एक व्याज आकारणी, पासबुक, पावती आणि मुदत ठेवीची पावती छापून झाली पाहिजे. सभेच्या जुन्या इतिवृत्तांसाठी कृतिदेव किंवा श्रीलिपीचे फॉन्ट वापरलेले असतील तर तेही उघडून बघा, आणि डिजिटल सहीचं टोकन, बोटांच्या ठशांचं यंत्र यांचे ड्रायव्हरही.

हे सगळं मार्चमध्ये करायचं? मार्चमध्ये व्याज जमा करायचं, वसुली, थकबाकीच्या याद्या, ताळेबंदाची तयारी. त्यात २६ टेबलांवर एकाच वेळी नवी स्क्रीन आणि नवे ड्रायव्हर आणू नका. अध्यक्षांची घाई बहुधा तरतूद वाया जाईल म्हणून असेल. तसं असेल तर मंडळाच्या ठरावानं पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ती पुन्हा धरता येते. वाचकांत जे कंपनी किंवा व्यावसायिक आहेत आणि आयकर भरतात, त्यांच्यासाठी आणखी एक हिशेब आहे. संगणकावर घसारा ४० टक्के मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात मालमत्ता १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्माच. म्हणजे मार्चमधल्या खरेदीवर त्या वर्षी २० टक्के. सप्टेंबरअखेर संगणक वापरात आला तर पूर्ण. पतसंस्थांना वेगळी वजावट लागू असल्यानं तुमच्या बाबतीत हा फरक किती, ते तुमच्या सनदी लेखापालांना विचारा.

सगळे एकदम घेण्यात आणखी एक तोटा आहे. आज एका दिवशी घेतलेले २६ संगणक वॉरंटीबाहेरही एकाच दिवशी जातील आणि म्हातारेही एकदमच होतील. पाच-सहा वर्षांनी हाच प्रश्न याच आकारात पुन्हा येईल, कदाचित तेव्हाच्या एखाद्या दुसऱ्या ताईंपुढे. त्याऐवजी दरवर्षी चार-पाच, असं चक्र बसवा. अंदाजपत्रकात ती ओळ वीजबिलासारखी नेहमीची झाली, की दर वेळी वाद होत नाही.

तुमच्या आकड्यांवर मांडून दाखवते. समजा, २०१८ च्या ११ पैकी ८ विंडोज ११ ला चालणारे निघाले आणि ३ नाही. मग बदलायचे १२ झाले, २६ नव्हेत. यंदा त्यातले ७ बदला, आधी कॅश आणि काउंटर, मग इंटरनेटवर काम करणारी टेबलं. आठवा नवा संगणक मुख्य कार्यालयात राखीव, लांबच्या शाखेतला राखीव वापरलेला चालेल. ८ संगणकांना एसएसडी आणि जिथे लागेल तिथे रॅम. उरलेले ५ पुढच्या वर्षी. तोवर या पाचांचं काय? विंडोज १० ला पैसे भरून वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, पण व्यवसायांसाठीचा दर पहिल्या वर्षी संगणकामागे ६१ डॉलर आहे आणि दरवर्षी दुप्पट होतो. दुसऱ्या वर्षी सुरुवात केली तरी पहिल्याचेही पैसे द्यावे लागतात. दहा वर्षांच्या संगणकावर हा खर्च मला पटत नाही. त्याऐवजी ते पाच इंटरनेटपासून तोडा. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता हातानं टाका आणि गेटवेची (बाहेर जाण्याच्या वाटेची) जागा रिकामी ठेवा, म्हणजे ते कार्यालयातल्या सर्व्हरपर्यंत पोचतील, बाहेर जाणार नाहीत. राउटरवरही त्यांना बाहेरची वाट बंद करून घ्या. पेनड्राइव्ह बंद. पासबुक छपाई, आवक-जावक अशा कामांना ते वर्षभर पुरतील. हा एका वर्षापुरता तात्पुरता उपाय आहे, त्याला कायमचा करू नका.

दुरुस्तीत पैसे घालायचे की नवा घ्यायचा, याला माझं माप असं : एका वर्षात दुरुस्तीचा खर्च नव्या संगणकाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेला, किंवा बारा महिन्यांत तिसरा मोठा बिघाड झाला, तर निवृत्ती. विंडोज ११ चालत नसेल तर मदरबोर्ड किंवा एसएमपीएसचं (पेटीतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचं) कोणतंही मोठं काम करूच नका. पण किरकोळ गोष्टींवरून संगणक बाद करू नका. सुरू केल्यावर तारीख काही वर्षं मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा सेल संपलाय. तो अगदी स्वस्त असतो आणि तुमच्याकडे तो तातडीनं बदलायचा, कारण चुकलेल्या तारखेनं व्यवहार नोंदले गेले तर खतावणी निस्तरताना पुरेवाट होते. दुपारी आपोआप बंद होणारा संगणक बहुधा धुळीनं गुदमरलेला असतो. पेटी बाहेर नेऊन ब्लोअरनं साफ करा, पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर वाऱ्यानं भलत्या वेगानं फिरून ते खराब होतं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवी लावून घ्या. बीप वाजून स्क्रीन काळी राहिली तर रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं पुसून परत बसवायची, हे काम आधी, ‘रॅम गेली’ हे निदान नंतर. कंपन्यांच्या छोट्या पेट्यांत एसएमपीएस अनेकदा खास मापाचा आणि वेगळ्या जोडाचा असतो. बाजारातला साधा एसएमपीएस त्याला बसत नाही. तंत्रज्ञ दोन दिवस ‘पार्ट मिळत नाही’ म्हणतो ते अशा वेळी खरंही असू शकतं.

विजेकडेही पाहा. लांबच्या शाखेतच एसएमपीएस वारंवार जातात असं तुम्ही लिहिलंय. तिथल्या वायरमनकडून मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक, त्याहून सतत जास्त असेल तर अर्थिंगचा खड्डा किंवा वायरिंग तपासायला हवं. तोवर त्या शाखेत नवा संगणक ठेवू नका, तोही जाईल. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते. दर तीन महिन्यांनी शाखा बंद करताना मेन स्विच उतरवून घड्याळ लावा. पाच मिनिटांच्या आत संगणक बंद पडला तर बॅटरी बदला. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावलेला असेल तर आजच काढा. कागद तापवताना तो क्षणात कित्येकशे वॅट ओढतो आणि ६०० व्हीएचा यूपीएस तिथेच बसतो. डॉट मॅट्रिक्स मात्र चालतो.

आता वापरलेले संगणक. मी त्यांच्या विरोधात नाही. मोठ्या कंपन्या भाडेकरार संपल्यावर तीन-चार वर्षांचे चांगले संगणक काढतात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत हा मोठा व्यापार आहे. राखीव संगणक, प्रशिक्षणाचं टेबल, आवक-जावक यांसाठी ते योग्यच. कॅश काउंटरसाठी नाही, कारण तिथे कंपनीची जागेवर सेवा लागते. घेताना पाहायचं ते असं : आठवी पिढी किंवा पुढची, मॉडेल कंपनीच्या संकेतस्थळावर ओळखू येईल असं, प्रत्येक पेटीचा अनुक्रमांक छापलेलं जीएसटी बिल, किमान एक वर्ष बदलून देण्याची लेखी हमी, आणि विंडोजचा अस्सल परवाना. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसणं पुरेसं नाही, परवाना कोणता हे बिलावर हवं. काही शे रुपयांत मिळणाऱ्या परवान्याच्या किल्ल्या घेऊ नका. डिस्क किती तास चालली आहे तेही ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’मध्ये दिसतं. वीस हजार तास चाललेली एसएसडी ‘नवीन टाकलीय’ म्हणून देत असतील तर तिथेच थांबा.

‘निम्म्या किमतीत’ हे ऐकायला गोड आहे. पण नवा संगणक सहा वर्षं चालणार आणि हा दोन-तीन, तर वर्षामागचा खर्च तेवढाच पडला किंवा दीडपटही. हा भागाकार तक्त्यात मांडा. आणि भाच्याच्या दुकानाबद्दल स्पष्ट बोलते. तो मुलगा प्रामाणिकच असेल. तरी किमान तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, संबंधित संचालकांनी नातं जाहीर करून त्या चर्चेतून बाहेर राहणं आणि तशी इतिवृत्तात नोंद, एवढं झाल्याशिवाय त्याच्याकडून एक माउसही घेऊ नका. तुमच्या उपविधींत नातलगांशी व्यवहाराबाबत काय म्हटलंय ते लेखापरीक्षकांना आधीच विचारा. उद्या प्रश्न निघाला तर सही तुमची असेल.

दरपत्रक मागवताना ‘संगणक, आय-५, ८ जीबी’ एवढंच लिहिलं तर तीन दुकानदार तीन वेगळ्या वस्तूंचे दर देतात आणि सर्वांत स्वस्त दर सर्वांत जुन्या पिढीचा निघतो. प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल लिहा. रॅम ८ जीबीची एक पट्टी आणि एक खाच रिकामी, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११ प्रो कंपनीनं बसवलेलं (होम नको, त्यात डोमेनला जोडता येत नाही आणि गट धोरणं लावता येत नाहीत), तीन वर्षं जागेवर वॉरंटी आणि ती बिलाच्या तारखेपासून मोजलेली. तुमचे जुने मॉनिटर फक्त व्हीजीएचे असतील आणि चांगले चालत असतील तर तसं पोर्ट किंवा एचडीएमआयवरून व्हीजीएचा कन्व्हर्टर मागा. मॉनिटर सहसा संगणकाहून जास्त टिकतात, उगाच संचासकट बदलू नका. आणि शेवटच्या ओळीत : पोच, बसवणी, जुन्या संगणकावरची माहिती नव्यावर नेणं आणि प्रिंटर चालू करून देणं दरात धरलेलं आहे.

गावातल्या तंत्रज्ञाला सोडू नका, त्याच्याशी करार करा. वॉरंटीतल्या संगणकांसाठी एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) पैसे द्यायचे नाहीत. बाकीच्यांसाठी वार्षिक करार, त्यात तक्रारीनंतर चार कामकाजाच्या तासांत माणूस येणं, चोवीस तासांत दुरुस्त न झाल्यास पर्यायी संगणक, दर तिमाहीला साफसफाई, बदललेला जुना भाग संस्थेला परत. भागांसकट करार महाग पडतो आणि त्यातून बॅटरी, कीबोर्ड वगळलेले असतातच, म्हणून तुमच्यासाठी फक्त सेवेचा करार आणि भाग प्रत्यक्ष बिलानं, हे बरं. एक अट सोडू नका : डिस्क संस्थेच्या बाहेर जाणार नाही. वॉरंटीत बिघडलेली डिस्कही कंपनी परत मागते. ती आपल्याकडेच ठेवण्याचा पर्याय काही कंपन्या थोडे पैसे घेऊन देतात, सर्व्हरसाठी तो घ्या.

निवृत्त संगणकांचं शेवटचं काम अनेक संस्थांत राहून जातं आणि जिन्याखाली पेट्या साचतात. नुसतं ‘क्विक फॉरमॅट’ केल्यानं हार्डडिस्कवरची माहिती जात नाही, साध्या साधनानं परत मिळते. हार्डडिस्क पूर्ण पुसून तिच्यावर एकदा शून्यं लिहून घ्या. एसएसडीसाठी बायोसमधला किंवा कंपनीच्या साधनातला ‘सिक्युअर इरेज’ वापरा. सुरूच न होणाऱ्या हार्डडिस्कच्या तबकड्यांतून ड्रिल आरपार घाला आणि अनुक्रमांकासह नोंद करा. मग मंडळाचा निर्लेखनाचा (वस्तू हिशेबातून कमी करण्याचा) ठराव, डेडस्टॉकमधून वजावट, आणि माल नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. हजार नगांवरच्या मोठ्या ग्राहकांसारखी बंधनं तुम्हाला नसली, तरी माल रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे गेला तर तो बोर्ड जाळून तांबं काढतो, आणि तो धूर तुमच्याच गावात राहतो. नोंदणी असल्याचा पुरावा आणि माल मिळाल्याची पावती घ्या, लेखापरीक्षणात उपयोगी पडते. पाच-सहा संगणक धड असतील तर डिस्क पुसून, त्यावर लिनक्स टाकून जवळच्या शाळेला द्यायला हरकत नाही. न चालणारे मात्र शाळेच्या गळ्यात घालू नका.

पुढच्या सभेला जाताना तीन कागद न्या : २६ ओळींचा तक्ता, बिघाडांचं पान आणि दोन वर्षांत विभागलेला खर्च. त्या आधी, येत्या सोमवारी, २०१८ च्या अकरा संगणकांवर ‘पीसी हेल्थ चेक’ हे पाच मिनिटांचं साधन चालवून घ्या. किती चालणारे निघतात ते कळवलंत तर पुढच्या अंकात तुमच्या दरपत्रकाचा मसुदा पूर्ण करून देईन.